चेहरा झाकताना

लग्नाची सीडी आपण सर्वांनीच पाहिलेली आहे. मंगलाष्टकं संपतात, अक्षता पडतात आणि मग पडद्याच्या मधोमध एक बदाम उमटतो. त्या बदामात नवरा-नवरी हसत असतात, भोवताली गुलाबाची बाग असते. बदाम हळूहळू मोठा होत जातो आणि सगळा पडदा व्यापून टाकतो. घरातली लहान मुलं हा भाग पुन्हा पुन्हा लावायला सांगतात. मी नंदुरबारला व्हिडिओ संकलनाचं, म्हणजे एडिटिंगचं काम करतो. असे शेकडो बदाम मी आजवर फुलवले आहेत. आज त्या बदामामागची युक्तीच मला समजावून सांगायची आहे. मात्र बोलणं लग्नापाशी थांबणार नाही. कारण याच युक्तीत माझ्याकडून एकदा एक चूक झाली आणि एका बाईला दिलेला शब्द मोडला.

या युक्तीला आमच्या धंद्यात 'मास्क' म्हणतात. मास्क म्हटलं की आपल्याला मुखवटा आठवतो, नाहीतर २०२० साली तोंडाला बांधावं लागलेलं फडकं. ते दोन्ही अर्थ इथं बाजूला ठेवा आणि दारातली छापाची रांगोळी आठवा. छापाला भोकं पाडलेली असतात. वरून रांगोळी पसरली की जिथं भोक तिथंच ती जमिनीवर उतरते, बाकीची छापावरच राहते. मास्क म्हणजे असाच छाप. चित्रावर एक आकार आखायचा आणि संगणकाला सांगायचं की, जे काय करायचं ते एवढ्याच आकारात कर. आतलं दाखव आणि बाहेरचं झाक. किंवा उलट, बाहेरचं तसंच राहू दे आणि आतलं तेवढं धूसर कर. 'दा विंची रिझॉल्व्ह' नावाचं एक सॉफ्टवेअर आहे, त्यात याला 'विंडो' असं नाव आहे. मला हा खिडकी शब्दच जास्त पटतो. लग्नात बदामाची खिडकी उघडते, बातमीत चेहऱ्यावरची खिडकी बंद होते. काम एकच.

ही युक्ती संगणकानं आणली असा अनेकांचा समज असतो. तसं नाही. ती चित्रपटाइतकीच जुनी आहे. फ्रान्सचे जॉर्ज मेलिएस यांनी १८९८ साली एका छोट्या चित्रपटात स्वतःचंच डोकं धडावरून काढून टेबलावर ठेवलं, आणि लगेच त्यांना दुसरं डोकं फुटलं. हे करण्यासाठी चित्राचा एक भाग काळा ठेवायचा, फिल्म मागे गुंडाळायची आणि त्या कोऱ्या राहिलेल्या जागेत दुसरं चित्र घ्यायचं, अशी पद्धत होती. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीही एकाच फिल्मवर पुन्हा चित्रण करण्याच्या युक्त्या वापरून 'लंका दहन' (१९१७) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) यांतले चमत्कार पडद्यावर आणले. हिशेब चुकला तर सगळी फिल्म वाया जायची. आज आपण चुकलो तर एक बटण दाबून मागे येतो. या सोयीमुळे आपण थोडे बेफिकीर झालो आहोत, असं मला वाटतं. त्याचा अनुभव पुढे सांगतोच.

चित्र स्थिर असेल तर मास्क सोपा. एकदा आखला की झालं. पण माणूस हलतो, आणि खरी अडचण तिथून सुरू होते. व्हिडिओ म्हणजे पटापट बदलणारी स्थिर चित्रं. प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. आपल्याकडच्या दूरदर्शन पद्धतीत सेकंदाला पंचवीस फ्रेम असतात. दहा मिनिटांची मुलाखत म्हणजे पंधरा हजार फ्रेम. पूर्वी हलत्या माणसाभोवतीचा आकार एकेका फ्रेमवर हातानं काढावा लागे. अमेरिकेत मॅक्स फ्लायशर यांनी चित्रीकरणातली एकेक फ्रेम काचेवर पाडून तिच्यावरून रेषा गिरवण्याचं यंत्र बनवलं. १९१७ साली त्यांना त्याचं पेटंट मिळालं. पण गिरवणं काही टळलं नाही.

संगणकानं हे कष्ट पुष्कळ कमी केले. आपण त्याला फक्त मोक्याच्या जागा सांगतो. अमुक क्षणी मास्क इथं असू दे, तमुक क्षणी तिथं असू दे. या मोक्याच्या जागांना 'की-फ्रेम' म्हणतात. दोन की-फ्रेमच्या मधल्या सगळ्या फ्रेममध्ये मास्क कुठं असावा, हे संगणक स्वतः हिशेब करून ठरवतो. शेतात दोन खुंट्या ठोकून त्यांना दोरी बांधावी तसंच हे. दोरी मधल्या मध्ये आपोआप सरळ ताणली जाते.

पण माणूस दोरीसारखा सरळ चालत नाही. अक्कलकुवा तालुक्यातली काठीची होळी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. रात्रभर ढोल घुमत असतात. अंगावर राखेच्या ठिपक्यांची नक्षी, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला घुंगरं आणि सुके भोपळे बांधून माणसं नाचत असतात. समजा, त्यातल्या एकाचा चेहरा अंधारात नीट दिसत नाही म्हणून तेवढाच उजळायचा आहे. मी चेहऱ्याभोवती एक गोल आखला. पहिल्या सेकंदाला नाचणारा डावीकडे होता, दुसऱ्या सेकंदाला उजवीकडे. म्हणून दोन्हीकडे एकेक की-फ्रेम दिली. आता चालवून पाहिलं तर काय दिसतं? गोल सरळ रेषेत निघाला आहे आणि नाचणारा ढोलाच्या ठेक्यावर त्या गोलाच्या वर उडतो आहे, खाली बसतो आहे. उजेड एका बाजूला आणि माणूस दुसऱ्या बाजूला.

नवीन मुलं अशा वेळी घाबरून दर चार-पाच फ्रेमला एक की-फ्रेम ठोकत सुटतात. त्यानं मास्क हुडहुडी भरल्यासारखा थरथरायला लागतो, कारण हातानं ठेवलेली प्रत्येक जागा केसभर इकडं-तिकडं असतेच. मी त्यांना तोरणमाळचा सातपायरी घाट आठवायला सांगतो. तिथं रस्ता समजायचा तर वळणं माहीत हवीत. दोन वळणांच्या मध्ये शंभर दगड रोवले तरी उपयोग नाही, आणि एक वळण सुटलं तर गाडी दरीत. की-फ्रेम वळणावर द्यायची. नाचणारा सगळ्यात वर असतो तो क्षण, सगळ्यात खाली असतो तो क्षण, दिशा बदलतो तो क्षण. एवढं पकडलं की मधलं बरंचसं संगणक सांभाळतो.

दुसरी गोष्ट काठाची. मास्कचा काठ कात्रीनं कापल्यासारखा राहिला तर डोळ्याला खुपतो. म्हणून तो मऊ करतात. या सोयीचं नाव आहे 'फेदर', म्हणजे पीस. चेहरा उजळायचा असेल तेव्हा हे पीस जितकं मऊ तितकं छान. पण चेहरा झाकायचा असेल तेव्हा सावध राहावं लागतं. काठ मऊ होतो म्हणजे तिथला मास्क अर्धवट पारदर्शक होतो, आणि हा मऊपणा बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये काठाच्या बाहेर तसाच आतही पसरतो. हनुवटीला चिकटून मास्क आखला आणि काठ मऊ केला, तर हनुवटी दिसू लागते. म्हणून झाकण्यासाठी आधी मास्क ऐसपैस घ्यावा आणि मग काठ मऊ करावा.

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. शिकणाऱ्यांचा सर्वांत जास्त वेळ इथंच जातो. मास्क सगळा नीट चालवून झाला आणि मग लक्षात आलं की, तो जरा लहान पडतो आहे. साहजिकच आपण तो ओढून मोठा करतो. पण तो तेवढ्या एका क्षणापुरता मोठा होतो. मागं आणि पुढं तो जुन्याच मापाचा राहतो आणि मधे फुग्यासारखा फुगून परत बसतो. याचं कारण असं की, की-फ्रेमची नोंद चालू असताना आपण मास्कला लावलेला प्रत्येक हात संगणक नवी की-फ्रेम म्हणून लिहून घेतो. शिवून तयार झालेला सदरा घट्ट होतो म्हणून एकच बाही उसवावी, तसं हे होतं. सगळा सदरा सैल करायचा असेल तर दोन मार्ग आहेत. एक तर सगळ्या की-फ्रेम एकत्र निवडून मग मास्क हलवायचा. किंवा मास्क सरसकट वाढवण्याची 'एक्स्पान्शन' नावाची वेगळी सोय असते, ती वापरायची. तिला स्वतःच्या की-फ्रेम दिलेल्या नसल्या की तिचं माप सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखं लागू होतं.

अलीकडे मास्क चेहऱ्यामागं आपोआप चालवण्याची सोय आली आहे. तिला 'ट्रॅकिंग' म्हणतात. 'अडोबी प्रीमियर'मध्ये ती २०१४ पासून आहे. समोर बघून शांतपणे बोलणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती चांगलं काम करते. पण माणसानं मान वळवली, तोंडावर पदर घेतला, मधून कोणी गेलं किंवा उजेड हलला की संगणकाचा माग सुटतो. माग सुटला की तो थांबतो असंही नाही. कधी कधी तो शेजारच्या भिंतीलाच चेहरा समजून तिथं जाऊन बसतो.

आता माझ्या चुकीविषयी. काही वर्षांपूर्वी ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांवरची एक छोटी फिल्म माझ्याकडं संकलनाला आली. आपल्या जिल्ह्यात हे नवीन नाही. सातपुड्यातल्या पाड्यांवरून दिवाळीच्या सुमारास माणसं निघतात आणि होळीला परततात. फिल्ममध्ये एक बाई बोलत होती. मुकादमाकडून घेतलेली उचल किती, त्यातून कापलं किती, हातात आलं किती, हे ती सांगत होती. बोलण्याआधी तिनं एकच अट घातली होती की, तोंड दिसता कामा नये. पुढच्या हंगामात त्याच मुकादमाच्या टोळीत जायचं होतं. चेहरा झाकण्याचं काम माझं होतं आणि ते मी मन लावून केलं. तिनं मान वळवली तिथं तिथं की-फ्रेम दिल्या. धूसर करणारा मास्क मी चित्राच्या वर एका स्वतंत्र पट्ट्यावर ठेवला. तो चुकून हलू नये म्हणून त्या पट्ट्याला कुलूप लावलं. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते.

दाखवायच्या आदल्या संध्याकाळी निरोप आला की, मुलाखतीच्या सुरुवातीला बाई खोकते, तेवढं काढून टाका. खोकला पंधरा फ्रेमचा होता. मी तो कापला आणि पुढचं चित्र मागं सरकून आपोआप जोडलं गेलं. जोड नीट आहे ना ते पाहिलं, फाइल काढली आणि दिली. पण वरच्या पट्ट्याला कुलूप होतं. खालचं चित्र पंधरा फ्रेमनी अलीकडं आलं, मास्क मात्र होता त्याच वेळेला चालत राहिला. बाई स्थिर बसलेली होती तोवर काही कळलं नाही, कारण मास्क ऐसपैस होता. पुढं एके ठिकाणी मागं लेकरू रडलं म्हणून तिनं झटकन मान वळवली. चेहरा वळला आणि पंधरा फ्रेमनंतर मास्क वळला. अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ.

तालुक्याच्या गावी फिल्म दाखवली तेव्हा मी मागं उभा होतो. त्या अर्ध्या सेकंदाला पुढं बसलेला एक मुलगा मोठ्यानं म्हणाला, "अरे, ही तर आमच्या पाड्यावरची!" आणि त्यानं नाव घेतलं. त्या हंगामात तिच्या घरच्यांना त्या टोळीत घेतलं नाही. कारण फिल्मच होतं का, हे मला कोणी सांगितलं नाही. मी विचारायला गेलो नाही, हेही खरं.

पुढं बऱ्याच दिवसांनी त्याच भागातल्या एका शिक्षकांशी बोलताना त्यांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. ते म्हणाले, "चेहरा दिसला नसता तरी पाड्यावरच्या लोकांनी तिला ओळखलंच असतं. आवाज तिचा, हातावरचं गोंदण तिचं, मागची झोपडी तिची." तेव्हा मला कळलं की, मी चेहरा झाकत होतो, माणूस झाकत नव्हतो. अनोळखी शहरात चेहरा झाकला की माणूस गर्दीत हरवतो. चाळीस घरांच्या पाड्यावर तसं होत नाही. तिथं बांगड्यांच्या आवाजावरून माणूस कळतो.

कायद्यानंही ही गोष्ट ओळखली आहे. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या व्यक्तीची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या २२८-अ या कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेच्या ७२ व्या कलमात आहे. मुलांसाठी २०१२ च्या पोक्सो कायद्यात वेगळी तरतूद आहे. डिसेंबर २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की, केवळ नाव न छापणं पुरेसं नाही. दुरान्वयानंही ओळख पटेल असा कोणताही तपशील देता येणार नाही. ऊसतोडीच्या त्या बाईला यातला कोणताच कायदा लागू नव्हता. तिच्यापाशी होता तो फक्त आम्ही दिलेला शब्द.

झाकायचं कशानं, यालाही महत्त्व आहे. पुष्कळांना वाटतं की, चित्र ओळखू येईनासं झालं म्हणजे ते नष्ट झालं. तसं नसतं. २००७ साली मुलांवर अत्याचार करणाऱ्या एका माणसाची छायाचित्रं इंटरपोलनं जाहीर केली होती. त्यानं स्वतःचा चेहरा भोवऱ्यासारखा पिळून टाकला होता. जर्मनीच्या पोलिसांनी तो पीळ उलटा फिरवला आणि चेहरा परत मिळवला. कारण पिळण्यात चित्राचे ठिपके फक्त जागा बदलतात, नाहीसे होत नाहीत. तो गुन्हेगार होता म्हणून आपल्याला आनंद होतो; पण हीच युक्ती कोणा भल्या माणसावरही चालू शकते. चौकोनी ठोकळे किंवा धूसरपणा यांचंही तसंच. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की, माणसाच्या डोळ्याला न ओळखू येणारे असे चेहरे संगणकाला शिकवून ठेवलं तर तो पुष्कळ वेळा ओळखतो. ओळख लपवण्यावर खरोखरच कोणाची रोजीरोटी किंवा जीव अवलंबून असेल, तर त्या जागी अपारदर्शक रंगच भरावा. तो दिसायला बरा नसतो, पण त्याच्यामागं त्या फाइलमध्ये काही उरत नाही.

आता माझे काही नियम झाले आहेत. हातात मोबाइल असलेल्या प्रत्येकाच्या उपयोगाचे म्हणून सांगतो. झाकण्याचं काम सर्वांत शेवटी करावं. काटछाट, वेग कमी-जास्त करणं, हलणारं चित्र स्थिर करणं हे सगळं आधी उरकावं. त्यानंतर कोणी एक फ्रेम जरी काढायला सांगितली, तरी सगळा मास्क पुन्हा पहिल्यापासून तपासावा. तपासणी संगणकावरच्या कच्च्या कामाची करून भागत नाही, बाहेर काढलेल्या अखेरच्या फाइलची करावी. एकदा आवाज बंद करून पाहावी, म्हणजे डोळा चित्रावर राहतो. एकदा डोळे मिटून ऐकावी, म्हणजे आवाज काय सांगतो ते कळतं. आणि ज्याचा चेहरा झाकला आहे, त्याला स्वतःला ती आधी दाखवावी. स्वतःला कशावरून ओळखतील, हे त्या माणसाइतकं दुसऱ्या कोणाला कळत नाही.

पुढं दुसऱ्या एका फिल्मसाठी याच कामावर जाणारी दुसरी बाई बोलायला तयार झाली. या वेळी मी चित्रीकरणालाच गेलो. चेहऱ्यावर आम्ही काय करणार, ते तिला मोबाइलवर दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, टीव्हीवर चोराला असं दाखवतात. मी काय चोरी केली?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. इतकी वर्षं मी मास्क नीट बसतो का एवढंच बघत होतो. ज्याच्यावर तो बसतो त्याला काय वाटतं, हे मनातही आलं नव्हतं. मग आम्ही तिला दुसऱ्याच एका घराच्या दारात बसवलं. मागं अंगणातलं दुपारचं ऊन होतं, पुढं घरातला अंधार. कॅमेऱ्यात फक्त तिची आकृती आली. ताठ बसलेली, हातवारे करत बोलणारी. तिचे शब्द नंतर लांबच्या गावातल्या एका बाईच्या आवाजात भरले. संकलनाच्या वेळी त्या दृश्यावर मला एकही मास्क आखावा लागला नाही.

फाइल तिला दाखवली तेव्हा ती हसली आणि शेजारणीला म्हणाली, "बघ, कोणी ओळखतं का!" शेजारणीनं दोनदा पाहिलं आणि मान हलवली. त्यानंतरच मी ती फाइल पुढं पाठवली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)